खेळाडूची जागा

नागपूरच्या क्रीडारचना प्रयोगशाळेत अर्ज करताना चारुशीला लोणारेने स्पष्टच लिहिलं होतं, की प्रोग्रॅमिंग येत नाही आणि गणितात ती जेमतेम काठावर पास झाली आहे. संचालक डॉ. हस्तकांना त्याचं काही वाटलं नाही. कॉम्प्युटरवरच्या खेळाची कल्पना साध्या मराठीत सांगितली, की त्यांचं संहितायंत्र प्रोग्रॅम लिहून काढत असे. गुणांचा हिशेबही तेच बसवत असे. खेळात मजा आहे की नाही, एवढं मात्र त्याला कळत नसे.

चारुशीलाला कळायचं. कच्चा खेळ ती कोणाच्या तरी हातात द्यायची आणि पडद्याऐवजी खेळणाऱ्याकडे बघत बसायची. माणूस पुढे सरकला, त्याने श्वास रोखला, हरूनही हसला, की त्यावरून ती नियम बदलायची. उगाच तोंडदेखलं हसणाऱ्याला ती लगेच ओळखायची. तिचे खेळ घरोघर पोचले. "गणिताशिवाय कसले गं कॉम्प्युटरचे खेळ करणार?" असं विचारणारी तिची आत्याही दुपारी तेच खेळत बसायची.

मग एके दिवशी हस्तकांनी तिला बोलावलं. सोबत मेंदूतज्ज्ञ डॉ. शमीम काझी होत्या.

"खेळणाऱ्याकडे बघताना तुमच्या मेंदूत काय घडतं, ते आम्ही नोंदवू," काझी म्हणाल्या. "त्यातून तुमचं प्रतिमन, म्हणजे तुमच्या मनाची यंत्रातली नक्कल, तयार होईल. जे बघून तुम्ही जो नियम बदलला असता, ते बघून प्रतिमनही तोच बदलेल."

"मग मी काय करायचं?"

"खरं सांगू? मला माहीत नाही," हस्तक म्हणाले. "संहितायंत्र आणलं तेव्हा प्रोग्रॅमरांनीही हेच विचारलं होतं."

नाही म्हणायचा तिला हक्क होता. पण त्याच प्रोग्रॅमरांच्या रिकाम्या झालेल्या जागेवर ती इतके दिवस बसत होती. तिने होकार दिला. प्रतिमन तयार झालं आणि तिची नोकरी संपली. दुसरीकडे जिथे जिथे गेली, तिथे पहिला प्रश्न गणिताचाच निघाला.

काही महिन्यांनी हस्तकांचा फोन आला.

"प्रतिमन चांगलं चाललंय, पण त्याच्यापुढे बसून खेळायला कुणीतरी लागतं. कच्चे खेळ पुन्हा पुन्हा खेळून माणसं वैतागतात, निघून जातात. तुम्ही याल?"

"खेळायला?"

"हो. पद खेळाडूचं आहे."

चारुशीला गेली. प्रतिमनाच्या कॅमेऱ्यासमोर बसून तिने खेळ सुरू केला. एका भुयारातून वाट काढायची होती. तिला तो फार सोपा वाटला. भुयारातला दिवा विझायला हवा होता. आपण कोणता चेहरा बघून दिवा विझवला असता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने जांभई दिली आणि खुर्चीत मागे रेलली. दिवा विझला.

म्हणजे रचना अजून तिच्याच हातात होती. तिने सावकाश, सराईतपणे चेहरा बदलत खेळ हवा तसा वळवायला सुरुवात केली. दार हवं तिथे दार आलं, पाणी हवं तिथे पाणी. पुढच्या वळणावर वाट दुभंगायला हवी, म्हणून ती उगाच तोंडदेखलं हसली.

वाट दुभंगली नाही. खेळ क्षणभर थांबला. मग मागची वाट बंद झाली आणि तिला कधीच सुचली नसती अशा बाजूने, अंधारातून, कुणीतरी तिच्या दिशेने चालत येऊ लागलं.

चारुशीला पुढे सरकली. श्वास रोखल्याचं तिच्या लक्षातही आलं नाही.