मावशीनं पाळलेली शपथ

"आज पुन्हा गादी उन्हात?" नवऱ्यानं चहाचा कप आपटला. "पोर तुझ्या धाकानं अंथरूण ओलं करते. तिची आई होती तोवर असलं काही नव्हतं."

ती गादी झटकत राहिली... शिवणकामाच्या कारखान्यात जाण्याआधी रोज चादरी धुऊन तिचे हात सोलवटले होते, आणि मनही. लग्नाला दीड वर्ष झालं, तरी 'सावत्र' हा शब्द तिची पाठ सोडत नव्हता. एका वाक्यात तिची सुटका झाली असती. पण आठ वर्षांच्या त्या लेकरानं एकदा तिच्या कुशीत तोंड लपवून सांगितलं होतं, "आई होती तेव्हाही व्हायचं, मावशी. आई गुपचूप धुवायची. बाबांना नको सांगूस, तुला शपथ आहे." त्या विश्वासाचा घात करण्यापेक्षा बोलणी खाल्लेली बरी...

खरा वैताग संध्याकाळचा होता. मुलगी फोन घेऊन पलंगावर पडली की उठायचीच नाही; सरबताचे पेले रिचवत, पाय आवळून, लघवी दाबून कार्टून बघत राहायची. "जाऊन ये गं आधी," हे सांगून सांगून हिची जीभ झिजली. फोन काढून घ्यावा, तर बाप म्हणणार, "बघू दे की. तिला दुसरं आहे तरी काय?" आणि सकाळी खापर पुन्हा हिच्याच डोक्यावर.

शेवटी अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिनं दोघांना डॉक्टरबाईंकडे ओढून नेलं.

"कधीपासून होतं गं असं?" बाईंनी मुलीला विचारलं.

मुलीनं मावशीचा हात घट्ट धरला. "पहिल्यापासून. आई लपवून धुवायची. मावशीला माहितीये, पण मी तिला शपथ घातली होती."

तो चपापला.

"हे पुष्कळदा घराण्यातूनच येतं," बाई म्हणाल्या. "तुमच्यात कुणाला होतं का?"

तो फरशीकडे बघत म्हणाला, "मला... अकरा वर्षांचा होईपर्यंत."

बाईंनी बजावलं : संध्याकाळनंतर पिणं बेताचं, झोपण्याआधी तासभर फोन बंद, लघवीला जाऊनच अंथरुणात, आणि ओलं झालं तर रागाचा एक शब्दही नाही. तरी फरक पडला नाही, तर ओल लागताच वाजणारी घंटी लावून बघू.

त्या संध्याकाळी फोन त्यानंच कपाटात ठेवला आणि मुलीचा सगळा थयथयाट मुकाट्यानं सोसला.

सकाळी अंथरूण ओलंच होतं. ती मोरीपाशी आली, तर तो उकिडवा बसून चादर चोळत होता. मुलगी शेजारी उभी होती.

"खरंच तुम्ही पण, बाबा?"

"मी पण. आणि माझी आई मला मारायची." मग मान वर न करताच तो बायकोला म्हणाला, "तू पोरीला कधी बोटही लावलं नाहीस... आणि मी तुलाच बोलत राहिलो. चुकलो मी."

दीड वर्ष अडवून धरलेले अश्रू तिच्या गालांवरून घळाघळा वाहू लागले.

"साबण फार घेतलात," ती कशीबशी म्हणाली, आणि पिळायला चादरीचं दुसरं टोक धरलं.