खांबावरचा उष्टा नान

सोमवारी सकाळी चहाचा कप घेऊन आठवड्याचे आलेख चाळायचे, ही माझी बिश्केकमधली नोकरी. देशभरच्या डोंगरांवर आमच्या संस्थेचे सिमेंटचे खांब आहेत आणि प्रत्येकाच्या डोक्यावर जीपीएसचा अँटेना. उपग्रहांच्या जोरावर खांबाची जागा आम्हाला बसल्या जागी कळते. आमचे डोंगर वर्षाकाठी जेमतेम बोटभर उत्तरेला सरकतात. त्या सोमवारी पाहते तर अत-बाशीच्या कुरणावरचा खांब एका महिन्यातच तेवढा सरकलेला. आणि तोही वायव्येला!

माझा चहा टेबलावर सांडला. पुसला कोणी!

"आगाय! आधी इकडे या!"

तेमिरकुल आगाय, म्हणजे सर, माझे पीएचडीचे मार्गदर्शक. ते सावकाश आले आणि पडद्याकडे न बघताच म्हणाले, "अँटेनाची उंची चुकली असेल. बुरुल, तुझं लग्न ठरलं तरी मी आधी उंची तपासायला सांगेन."

"उंची बरोबर आहे. बर्फ नाही, दरड नाही. शेजारच्या डोंगरावरचा खांब गपगुमान उभा आहे. आगाय, मोठ्या भूकंपाआधीची हालचाल असेल ही! निबंध छापून आला ना, तर जर्मनीतली जागा माझीच!"

त्या जागेसाठी दोनदा नकार पचवला होता मी. चाळिशी दारात उभी होती, म्हणजे हा अर्ज शेवटचाच. आनंद पोटात माईना. दोन महिने मी झपाटल्यासारखी काम करत होते.

फक्त एक गोष्ट बसत नव्हती. खांब एकाच दिशेला जाईना. एप्रिलमध्ये आठवडाभर त्याची दिशा दाखवणारा नकाशावरचा बाण नैर्ऋत्येला वळला होता. मेमध्ये चार दिवस ईशान्येला, आणि मग पुन्हा वायव्येला.

आगायनी भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली. "एप्रिलमध्ये तू कुठे होतीस?"

"ओशला, शिकवायला."

"आणि मेमध्ये?"

"अल्मातीला, परिषदेला. का?"

"काही नाही," ते हसले. "खांब तुझ्या मागे लागलाय पोरी. चाळिशीला का होईना, कोणीतरी मिळालं."

मीही हसले. मग ते पट्टी सरकवत राहिले, ओशवर, अल्मातीवर, बिश्केकवर. तिन्ही वेळा रेघ नेमकी शहरातून गेली. आगायनी पट्टी खाली ठेवली आणि गाडीची किल्ली उचलली.

कुरणावर ऊन लख्ख होतं. सात वर्षांपूर्वी हा खांब मीच उभा केला होता. त्यानंतर तिकडे फिरकले नव्हते, कारण मोजमापं आपसूक येत होती. तेव्हा जिच्याकडे उतरले होते त्या सोनून-आपाचं यर्ट, म्हणजे नमद्याचा गोल तंबू, तिथेच होतं, तिच्या घोड्या तिथेच, आणि घोडीच्या दुधाच्या कुमिसचा आंबूस वासही तोच. आपा मला बघून उठलीसुद्धा नाही.

"आलीस? उशीर केलास."

आम्ही आधी काम केलं. खांबाला चीर नव्हती. शेजारच्या कातळात ठोकलेल्या खिळ्यांपासूनचं अंतर सात वर्षांपूर्वीइतकंच भरलं. झऱ्याचं पाणीसुद्धा वळलं नव्हतं. खांब सरकला असेल तर अख्खं कुरण घेऊन सरकला होता, आणि कुठेही न फाटता. मी लॅपटॉप जोडला. सकाळी आम्ही पोहोचल्यापासून आलेखातली रेघ सपाट होती.

"थांबलाय," आगाय पुटपुटले.

मी खांबाजवळची बॅटरीची लोखंडी पेटी उघडली. आत, वायरला दोऱ्याने टांगलेला, एक गोल नान होता. कडेला एक घास तोडलेला.

मला एकदम आठवलं. सात वर्षांपूर्वी निघताना आपाने मला नान चावायला लावला होता. लांब जाणाऱ्याने एक घास घ्यायचा, उरलेला घरात टांगून ठेवायचा, आणि परत आल्यावर त्याचा त्यानेच संपवायचा. आमच्याकडे फौजेत जाणाऱ्या पोरांचे असे नान घरोघर असतात.

"पण आपा, तो तर घरात टांगतात!"

"माझं घर आज इथे, हिवाळ्यात खाली. या डोंगरावर न हलणारं एवढंच एक आहे, असं तूच नव्हतीस का म्हणाली? म्हणून इथे टांगला. वाट बघून बघून थकला बिचारा. तू येईनास, म्हणून तोच निघाला. खा आता, आणि सोडव त्याला."

मी नान हातात घेतला. सात वर्षांचा नान, आणि बोट रुतावं इतका मऊ! आतून तो कोमटही होता.

"खा ना!" आगायचा आवाज चढला होता.

खाल्ला आणि खांब कायमचा थांबला तर? समोर फक्त जर्मनी दिसत होती. माझा बाण, माझा निबंध, माझी जागा. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त आनंद होता. असं घबाड कोणाच्या हाती लागतं हो?

मी नान परत टांगला. "पुढच्या उन्हाळ्यात नक्की खाईन, आपा."

आपाने तोंड फिरवलं. 

निबंध गाजला. जागा मिळाली. इथे जर्मनीत आल्या दिवसापासून अत-बाशीचा बाण वायव्येला आहे आणि पूर्वीपेक्षा लांब. मी रोज बघते आणि रोज तितकीच हरखते. उन्हाळा आला आणि गेला. कामं होती.

गेल्या आठवड्यात तो खांब थांबला.

मी आपाला फोन केला. खांब उभा आहे म्हणाली. पेटीत नानही आहे.

"आता तो नाही यायचा," ती म्हणाली. "थकला."

माझ्या खोलीच्या वर, या इमारतीच्या छतावर, संस्थेचा स्वतःचा अँटेना आहे. वर्षानुवर्षं तसूभरही न हललेला. आज सकाळी त्याचा आलेख उघडला. उंची तपासली. दोनदा तपासली.

भिंतीला चीर नाही. कपातला चहा हललेला नाही.

बाण सरळ पूर्वेला आहे, अत-बाशीकडे.