दोन शिळांमधलं अंतर

"तिकीट नको," माळावरच्या माझ्या तिकीटखिडकीत वाकून तो म्हणाला. "टेपचं टोक धरायला कोणी मिळेल का?"

मी वर पाहिलं. चष्म्यावर धूळ, काखेत नकाशाची फळी, आणि मी नाही म्हटलं तर साऱ्या जगाचा इतिहास अडून राहील असा चेहरा.

"तुमचा माणूस कुठे गेला?"

"तापाने आडवा झालाय. थोडंच काम आहे... म्हणजे, फार नाही."

"टोक धरायचं म्हणजे काय करायचं?"

"हलायचं नाही. बोलायचं नाही."

"पहिलं जमेल," मी म्हणाले.

आमच्या माळावर हजारो वर्षांपूर्वीची थडगी आहेत. गोलाकार रोवलेल्या शिळा आणि मधोमध दोन उंच दगड – नवरा आणि बायको. माझी आत्या पाहुण्यांना माळ दाखवते, आणि तिची गोष्ट ठरलेली. दोघांनी कशावरून तरी अबोला धरला, तो सुटायच्या आधीच दोघंही गेली, म्हणून लोकांनी त्यांना वेगवेगळं पुरलं. तेव्हापासून ते दगड दर वर्षी तिळभर जवळ सरकतात. हे ऐकलं की नवी जोडपी एकमेकांकडे बघतात आणि जुनी घड्याळाकडे.

तो या थडग्यांचा नवा नकाशा काढायला आला होता, पण त्याची मोजणीची टेप सुरुवातीला जवळजवळ वीतभर फाटलेली होती. म्हणून मी ती वीस सेंटिमीटरच्या आकड्यावर धरायची आणि त्याने आलेल्या मापातून वीस वजा करून लिहायचं, अशी आमची रीत ठरली.

"ताणा."

"ताणलीय."

"अजून."

"आता मीच ओढली जाऊन तिकडे येईन."

"या की..." तो बोलून गेला, आणि मग बराच वेळ फळीतून डोकंच वर काढेना.

खोटं कशाला बोलू, मला तो आवडायला लागला होता. एका दुपारी ऊन माझ्या तोंडावर येत होतं, तर त्याने आपली फळी माझ्यावर सावली पडेल अशी उभी करून ठेवली आणि स्वतः गुडघ्यावर कागद घेऊन नकाशा काढत बसला. असं कोणी न बोलता केलं की माणसाने करायचं तरी काय?

काम संपलं. संध्याकाळच्या गाडीने तो जाणार होता. निघण्याआधी जुना नकाशा शेजारी धरून तो मापं ताडून पाहत होता, तेवढ्यात आत्याने विचारलंच, "किती जवळ आले रे माझे नवरा-बायको?"

त्याने दोनदा पाहिलं. "लांब गेलेत, आत्या. वीतभर."

आत्याचा चेहरा उतरला. पुढच्या पाहुण्यांना ती म्हणाली, "हे दोन दगड," आणि पुढे निघाली. मला ते बघवेना.

"जरा गोड बोलला असतात तर काय बिघडलं असतं?" मी त्याला म्हणाले.

"पण मोजलंय तेच..."

"मग मोजतच बसा." मी आत गेले आणि खिडकी लावून घेतली. आत बसून रडले, रागाने की तो जाणार म्हणून, कोण जाणे.

थोड्या वेळाने टकटक झाली. "पुन्हा मोजायचंय. ते एकच."

"मी तुमच्याशी बोलत नाहीये."

"टोक धरताना बोलायचं नसतंच."

हसू आवरत गेले. वाऱ्यावर पावसाची बारीक भुरभुर होती. मी टेप विसावर धरली, त्याने आकडा वाचला, आणि मटकन खालीच बसला.

"वीस वजा करायचे राहिले होते."

"तुमच्याकडून?"

"बाकी सगळ्या शिळांना केलेत. इथेच..."

"इथेच का?"

तो चष्मा पुसत राहिला. "तुमचे दोन्ही हात टेपला होते. तोंडावर आलेली बट तुम्ही फुंकरीने उडवत होता... मी आकडा वाचला आणि तसाच लिहिला."

मी बट कानामागे सारली. तोवर आत्या धापा टाकत वर आली. "म्हणजे जवळ आले?"

"जुन्या नकाशात आहे तेवढंच अंतर आहे, आत्या. तिळाएवढा फरक या टेपवर कळत नाही. कोणीतरी दर वर्षी येऊन मोजायला हवं." हे सगळं तो माझ्याकडे बघून बोलत होता.

"मग ये की दर वर्षी," आत्या खुलली.

"दर वर्षी एकदा?" मी म्हणाले. "मला नाही चालणार."

त्याचा चेहरा पडला. "नाही?"

"मला रोज लागाल तुम्ही."

आत्याने तोंड दुसरीकडे फिरवलं, कान मात्र इकडेच ठेवले. तो उठून उभा राहिला. गुडघ्याला चिखल, हातात टेपचा गुंडाळा.

"तुमचे बाबा घरी कधी येतात?" त्याने विचारलं.

"येतील आता. पण तुमची गाडी..."

"जाऊ दे गाडी. आणि ते अहो-जाहो पुरे आता."

"बरं," मी म्हणाले. "मग चल."

आणि आत्यासमोरच मी टेपचं टोक सोडून त्याचा हात धरला.