उजव्या पायाची आठ वर्षं

गुरुप्रसाद पहिल्यांदा आला तेव्हा बाहेर धुळीचं वादळ होतं आणि त्याच्या डाव्या तळव्यात खिळा होता. आखातातल्या मंगफच्या बांधकामाच्या साइटवर सकाळी घुसलेला खिळा त्याला संध्याकाळी समजला, तोही मोजा लाल दिसला म्हणून. कंपनीचा दवाखाना सोडून तो इतक्या लांब, दस्मानच्या दवाखान्यापर्यंत आला होता. ड्रेसिंगच्या खोलीत सुरेखा एकटीच होती. मिरजेला नर्सिंग शिकलेली ही मुलगी माणसाच्या तोंडाआधी त्याचे पाय बघायची.

“डोळे मिटा,” ती म्हणाली. “कापूस लावला की सांगा... कळलं?”

“कळलं.”

“अजून मी लावलाच नाही.”

तो हसला. छानच हसला, पण सुरेखाने कापूस खाली ठेवला. “साखर आहे ना तुम्हाला?”

“लहानपणापासून. पण सिस्टर — कार्डावर लिहू नका. कंपनीला कळलं की इकामा रद्द, इथे राहायचा परवानाच गेला, आणि मी कुडाळला परत. बहिणीचं लग्न व्हायचंय.”

लिहायला हवं होतं. चार वर्षांत तिने असलं काही गाळलं नव्हतं. पण त्याने तिच्याकडे असं काही पाहिलं की पेन पुढे सरकेना, आणि कार्डावर फक्त ‘खिळ्याची जखम’ एवढंच उतरलं.

मग तो एक दिवसाआड येऊ लागला. जखम भरत होती, आणि ती लवकर भरू नये असं आपल्याला का वाटतं, याचा सुरेखाला राग यायचा. तिच्या खणात अमेरिकेहून मागवलेलं एक माहितीपत्रक होतं. तिकडे नुसत्या पायांचे डॉक्टर असतात. इथे पायाला शेवटी भेटतो तो सर्जन, आणि तो कापायलाच. एकदा गुरुप्रसादने ते पत्रक वाचायला घेतलं.

“आधी कॉलेजची तीन वर्षं, फिजिक्स-केमिस्ट्रीसकट. तुमचा डिप्लोमा चालायचा नाही. मग प्रवेशपरीक्षा, मग पायांच्या कॉलेजात चार वर्षं. मध्ये राष्ट्रीय परीक्षा, पुढे वर्षभर हॉस्पिटलात उमेदवारी, आणि मग राज्याची परीक्षा. तेव्हा कुठे लायसन्स.” त्याने स्वतःच्या पायाच्या बोटांवर वर्षं मोजली. “आठ. एका पायात मावत नाहीत, सिस्टर.”

“मग दुसरा पुढे करा.”

“आणखी एक अट आहे. चारित्र्य चांगलं हवं. तो दाखला मी देतो.”

“तुम्ही कोण देणारे?”

“ते... तुम्ही ठरवा.”

तिने बांधलेलं बँडेज सोडलं आणि उगाचच पुन्हा बांधलं.

एका गुरुवारी तिची सुट्टी होती. गुरुप्रसाद तापाने फणफणत आला; वरून भरलेली जखम आतून चिघळली होती. नव्या डॉक्टरने कार्ड वाचलं, खिळ्याची जखम बघितली, गोळ्या दिल्या आणि घरी पाठवलं. साखरेचं गुरुप्रसाद बोलला नाही. शुक्रवारी दवाखाना बंद. शनिवारी मित्रांनी त्याला उचलून आणलं तेव्हा पाय घोट्यापर्यंत काळा पडला होता. सर्जनने गुडघ्याखालून कापला.

सुरेखाने मेट्रनकडे जाऊन सगळं सांगितलं. मेमो मिळाला. मग ती वॉर्डात त्याच्या खाटेशी येऊन बसली.

“एक शब्द लिहिला असता तर...”

“मीच नको म्हणालो होतो.”

“तुम्हाला भीती होती. मला माहिती होती.” ती भिंतीकडे बघत म्हणाली, “ते पत्रक मी फेकून देणार आहे. चांगलं चारित्र्य म्हणे.”

तिची समजूत काढण्याइतकं बळ त्याच्यात नव्हतं, आणि खोटी समजूत तिला नकोच होती.

इकामा रद्द झाला. जायच्या दिवशी ती शेवटचं ड्रेसिंग करायला आली. डावीकडचं झाल्यावर तिने उजव्या पायावरची चादर सारली.

“डोळे मिटा.”

त्याने मिटले. तिने अंगठ्याला कापूस लावला. “कळलं?”

त्याचे ओठ जुन्या सवयीने हलले... आणि थांबले.

“नाही,” तो म्हणाला. “काहीच नाही कळलं.”

सुरेखाने कुडाळच्या डॉक्टरसाठीचं कार्ड ओढून घेतलं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं — मधुमेह. उजवा पाय बधिर. लिहिलेलं त्याला वाचूनही दाखवलं.

“अनवाणी चालायचं नाही. तळवा रोज आरशात बघायचा. आठ वर्षं हा पाय मला जसाच्या तसा हवाय.”

“पत्रक फेकलं नाहीत?”

“नाही.”

“आणि आठ वर्षांनंतर?”

“नंतर मी बघेन. रोज. घरीच.”

त्याचे डोळे अजून मिटलेलेच होते. “सुरेखा... उघडू?”

“जरा थांबा,” ती म्हणाली, आणि आपले डोळे बाहीला पुसले.