साडूरावांचा कोट

मास्तरांच्या डोक्यात अख्ख्या गावाची मापं होती. कुणाचं पोट कोणाच्या लग्नात वाढलं आणि कुठल्या आजारपणात उतरलं, हे ते वही न उघडता सांगत. शिंपीकामात तीस वर्षं गेल्यावर माणसं माणसांसारखी दिसतच नाहीत, आकड्यांसारखी दिसतात. आणि त्यातला एक आकडा मास्तरांना झोपेतसुद्धा पाठ होता. बाही साडेपंचवीस, पॅन्टची उंची चव्वेचाळीस, डोकं तेवीस. हे त्यांचे साडूराव. मास्तरांची स्वतःची बाही बावीस, उंची अडतीस. देवानं साडूरावांना ताग्यातून फाडून दिलं आणि मास्तरांना उरलेल्या चिंधीतून बेतलं, असं त्यांचं मत होतं.

बरं, माणूस वाईट असता तर सोय होती. साडूराव दिलदार. दिलदार माणसाचा हेवा करायचा म्हणजे कसरत असते. मनातल्या मनातसुद्धा धड शिवी देता येत नाही. गेल्या वर्षी ते भाड्याच्या गाडीनं परदेशातली चार जुनी शहरं हिंडून आले, आणि तेव्हापासून मास्तरांच्या घरात दुसरा विषय उरला नव्हता.

“भावोजींनी म्हणे नकाशा न बघता गाडी नेली,” बायको म्हणायची.

“रस्ता सरळ असेल.”

“दगडी बोळातून उलटी काढली. एका हातानं. ताई सांगत होती.”

“का, दुसरा हात शिवायला टाकला होता?”

बायको हसायची नाही. खरी बोच ती होती. आयुष्यात एकदा तिनं आपल्याबद्दल ताईच्या तोऱ्यात काहीतरी सांगावं, एवढंच मास्तरांना हवं होतं. बावीस वर्षांच्या संसारात तिनं त्यांचं मोकळ्या मनानं कौतुक केलं होतं ते एकदाच, आणि तेही पडद्याच्या झालरीबद्दल.

मग एका सकाळी साडूराव दुकानात आले. हातात तोच तो कोट. लोकरीचा, राखाडी, परदेशात घातलेला. खिशाजवळ आतलं अस्तर उसवलं होतं.

“घाई नाही मास्तर. थंडीपर्यंत द्या.”

बोलता बोलता त्यांनी खाली पडलेली टाचणी उचलली आणि सहज आपल्या शर्टाच्या कॉलरखाली खोचली. मास्तरांना गंमत वाटली. ही खोड शिंप्याची. विम्याच्या ऑफिसातल्या साहेबाला कुठून लागली?

“आम्हीपण जाणार आहोत,” मास्तरांच्या तोंडून निघून गेलं. “तिकडेच. गाडीनं.”

“वा! मग माझा कागदच घेऊन जा,” साडूराव म्हणाले, आणि संध्याकाळी शहरं, रस्ते, हॉटेलं सगळं सुवाच्य अक्षरात लिहून पाठवलं. मास्तरांना रात्रभर अ‍ॅसिडिटी झाली.

आता मास्तरांच्या धंद्यात एक नियम होता. त्यांच्या वडिलांचा. गिऱ्हाईकाचा कपडा आपल्या अंगाला लावायचा नाही, आरशापुढे गंमत म्हणूनसुद्धा नाही. “मापं चिकटतात,” वडील म्हणत. खांदे ताणले जातात असं म्हातारबुवांना म्हणायचं असेल, अशी मास्तरांची समजूत होती. तीस वर्षं त्यांनी नियम पाळला. प्रवासाच्या आदल्या दिवशी मोडला.

अस्तर शिवून झालं. मग त्यांनी पांढऱ्या दोऱ्यानं कच्चे टाके मारून बाह्या साडेतीन इंच आत दुमडल्या, घेर वर घेतला, खांद्याला चूण दिली. कच्चा टाका म्हणजे नुसता तात्पुरता धावदोरा. परत आल्यावर एक टोक ओढलं की झालं. कापडाला कळणारसुद्धा नाही.

“अगंबाई,” बायको म्हणाली, “हा भावोजींचा ना?”

“तसलाच. मी शिवला.”

तिनं पुन्हा एकदा वळून बघितलं. तेवढ्यावर मास्तर विमानात चढले.

परदेशात गाडी उलट्या बाजूनं चालवायची असते. मास्तरांनी आधी सीट पुढे ओढली, मग खिशातला टेप काढून मोजली: सीटच्या कडेपासून ब्रेकपर्यंत सोळा इंच. मग आरसा खाली केला आणि निघाले. पहिल्याच चौकात मधोमध एक गोल कारंजं होतं. त्याला त्यांनी सात प्रदक्षिणा घातल्या. बाकावर बसलेला एक म्हातारा पाचव्या फेरीपासून टोपी काढून नमस्कार करू लागला.

“त्यांनी मोजल्या वाटतं,” बायको म्हणाली.

पहिलं शहर घंटाघराचं. हॉटेलच्या काउंटरवरच्या बाईनं चष्म्यावरून आधी कोटाकडे, मग तोंडाकडे बघितलं आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाली, “परत आलात. बरं वाटलं. तीच खोली देते.”

“सगळ्यांना असंच म्हणत असतील,” जिना चढताना बायको म्हणाली.

मास्तरांना मात्र गुदगुल्या झाल्या. इतक्या वर्षांत त्यांना कुणी दुसरा समजलं नव्हतं, आणि समजलं तर थेट साडूराव!

दुसऱ्या दिवशी सकाळी सीट मागे गेलेली होती. आरसा वर. मास्तरांचे पाय ब्रेकपाशी पोचेनात. टेप लावला. एकवीस इंच. किल्ली त्यांच्या खिशात, दारं बंद, काचा बंद.

“धुणाऱ्यानं सरकवली असेल,” ते म्हणाले.

“बाहेरून? आणि धुतली कुठंय?” बायको म्हणाली. बोनेटवर कबुतरांनी आपलं मत नोंदवून ठेवलं होतं.

सीट पुढे ओढून ते दुसऱ्या शहराला लागले. हे तटबंदीचं शहर. वेशीतून आत शिरल्यावर रस्ता अरुंद होत गेला, दोन्ही बाजूंना दगडी भिंती, वर वाळत घातलेले कपडे. पुढे रस्ता संपला आणि पायऱ्या सुरू झाल्या. गाडीची पुढची दोन चाकं तिसऱ्या पायरीवर होती तेव्हा मास्तरांच्या हे लक्षात आलं. एक आजी खिडकी उघडून सावकाश खुर्ची ओढून बसली.

मास्तरांनी रिव्हर्स टाकला. मग काय झालं ते त्यांना नीट आठवत नाही. उजवा हात बायकोच्या सीटच्या पाठीवर गेला, मान वळली, आणि डाव्या हातानं त्यांनी गाडी पायऱ्यांवरून, बोळातून, वेशीतून सरळ बाहेर काढली. भिंतीला नखसुद्धा लागलं नाही. आजीनं खिडकी लावून घेतली.

बायको त्यांच्याकडे बघत होती. त्या नजरेची मास्तरांनी बावीस वर्षं वाट बघितली होती.

“अगदी भावोजींसारखी काढलीत,” ती म्हणाली.

कौतुक झालं ते झालं, पण तेही दुसऱ्याच्या नावावर. त्या दिवशी त्यांनी तट बघितला नाही, तोफा बघितल्या नाहीत. हॉटेलातल्या आरशासमोर कोट घालून उभे राहिले. डाव्या बाहीतून पांढऱ्या दोऱ्याचं एक टोक लोंबत होतं. त्यांनी ते दातानं तोडलं.

तिसऱ्या शहरात नदीवर जुना पूल होता आणि पुलाखाली एक खाणावळ. जेवण संपता संपता वाढपी आतून एक टोपी घेऊन आला आणि अदबीनं टेबलावर ठेवली.

“गेल्या वर्षी विसरला होतात.”

टोपीची गोष्ट मास्तरांना ठाऊक होती. साडूराव रंगवून सांगत: पुलाखाली टोपी विसरलो, म्हटलं राहू दे, पुन्हा यायला निमित्त. मास्तरांनी हसत हसत ती डोक्यावर ठेवली. आता ती नाकावर येणार आणि बायको हसणार.

टोपी कपाळावर थांबली. अलगद. जशी बसायला हवी तशी.

बायको हसली नाही.

मास्तर हात धुवायच्या जागेत गेले आणि टेप काढून डोक्याला गुंडाळला. तेवीस. सोडला, पुन्हा गुंडाळला. तेवीस. त्यांचं डोकं साडेएकवीस. पोट वाढतं, कंबर वाढते, दंड वाढतात; पण कुणाचं डोकं वाढलेलं तीस वर्षांत त्यांनी बघितलं नव्हतं. टेप आखडला असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं, आणि खिशातला रुमाल मोजून बघितला: पंधरा इंच, स्वतः बेतला होता तेवढाच. पण आखडलेला टेप बाकी सगळं बरोबर कसं दाखवेल, हे सांगायला त्यांच्याकडे कुणी नव्हतं.

गाडीपाशी आले तर बायकोनं मागचं दार उघडलं आणि मागे बसली.

“पुढे ये की.”

“पुढे ऊन लागतं.”

आभाळ भरून आलेलं होतं.

चौथ्या शहरापर्यंत चार तास ती मागे बसली. मास्तर आरशातून बघत. तिनं पदर नीट सावरून घेतला होता, पिशवी मांडीवर ठेवली होती. पाहुण्यांच्या गाडीत बसल्यासारखी. मास्तरांनी दोन विनोद केले. ती हसली. दोन्ही विनोदांना हसली, आणि त्यांना त्याचीच जास्त भीती वाटली.

चौथं शहर टेकडीवरचं. सकाळी मास्तर गाडीत बसले. सीट मागे होती. त्यांनी ती ओढायला हात खाली घातला आणि थांबले.

पाय ब्रेकवर होते.

टेप काढला नाही. कोटाच्या बाह्या तेवढ्या बघितल्या. कच्चे टाके सगळे सुटले होते, दोरा खिशात गोळा होऊन पडला होता, आणि बाही मनगटाच्या हाडावर येऊन थांबली होती. बाहीनं थांबावं तिथंच. शिवणारा शिंपी हुशार होता, असं कुणीही म्हटलं असतं.

त्यांनी कोट काढला, डिकीत टाकला. पाय ब्रेकवरच होते.

“निघायचं?” मागून बायको म्हणाली. “मला घरची आठवण येतेय. ते एकटे आहेत.”

“कोण ते?”

तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. ती खिडकीबाहेर बघू लागली. “कुणास ठाऊक. असंच आलं तोंडात.”

परतल्यावर मास्तर विमानतळावरून बायकोला घरी सोडून सरळ दुकानात गेले. कोट परत करायचा, विषय संपवायचा. दुकान उघडं होतं.

मशीनवर साडूराव बसले होते. गळ्यात टेप, बोटात अंगुस्तान. पाय पायट्यावर पुरत होते. बेताचे, बरोबर.

“या साडूराव,” ते म्हणाले. “कसा झाला प्रवास?”

शर्ट मास्तरांचा होता. त्यांना तो मुळीच आखूड होत नव्हता.

“तुम्ही उठा तिथून,” मास्तर म्हणाले. आवाज मोठा निघाला, भरदार. साहेबाचा.

“उठतो की. हे एवढं काज संपवून.”

मास्तर मशीनच्या पलीकडे उभे राहिले, गिऱ्हाईक उभं राहतं तिथं. आरशात त्यांना स्वतःचं डोकं दिसेना. आरसा त्यांच्या जुन्या उंचीच्या बेतानं टांगलेला होता, मानेपाशी संपत होता.

तेवढ्यात बायको आली. हातात चष्म्याचं घर. प्रवासाची साडीसुद्धा बदलली नव्हती.

“अहो, चष्मा घरीच विसरलात,” ती म्हणाली, आणि चष्मा मशीनवर ठेवला.

“अगं—” मास्तर म्हणाले.

ती वळली. चेहऱ्यावर आदर होता, कौतुक होतं, सगळं होतं. जे हवं होतं ते सगळं.

“बोला ना, भावोजी.”

मास्तरांनी तोंड उघडलं. बावीस वर्षांतली एखादी गोष्ट सांगावी, जी फक्त दोघांना माहीत आहे. शोधू लागले. हाताला आली ती फक्त पडद्याची झालर, आणि ती तर आता मशीनवरच्या माणसाच्या हातची होती.

“काही नाही,” ते म्हणाले.

“ताई बाहेर गाडीत वाट बघतेय तुमची. पुढची सीट गरम झाली म्हणत होती.”

मशीन थांबलं. त्या माणसानं मास्तरांच्या हातातला कोट घेऊन उजेडाकडे धरला, खिशाजवळ बोट फिरवलं.

“अस्तर पुन्हा उसवलंय.”

“हो का,” मास्तर म्हणाले. आणि मग, त्यांना म्हणायचं नव्हतं तरी, “घाई नाही. थंडीपर्यंत द्या.”

पायाशी एक टाचणी पडली होती. त्यांनी वाकून ती उचलली आणि सवयीनं कॉलरखाली खोचली.

मशीनवरचा माणूस ते बघत होता. कपाळापासून बुटापर्यंत, इंच इंच. ती नजर मास्तरांना चांगली ओळखीची होती.

दारातून बाहेर पडताना त्यांनी वाकून आरशात बघितलं. मशीनवरचा माणूस कोट स्वतःच्या खांद्याला लावून बघत होता, आणि दुसऱ्या हातानं खणातून पांढऱ्या दोऱ्याचं रीळ काढत होता.