दोनदा दाबायचं बटण

पहिल्या भेटीत मी रविराजला चक्क दम दिला होता. पुड्या भरायच्या माझ्या मशीनचं पॅनल उघडं टाकून कुणीतरी आत डोकं घालून बसलेलं, मला ना विचारलं ना सांगितलं. "ओ, हात काढा आधी. हे मशीन माझ्या ताब्यात हाय," मी म्हणाले. डोकं बाहेर आलं. केसांत हळद, कानामागे पेन. "व्हय, पण त्याची अक्कल माझ्या ताब्यात हाय," तो म्हणाला आणि हसला. कोरेगाव भीमाजवळच्या आमच्या मसाल्याच्या कारखान्यात ते मशीन नवीनच आलं होतं, आणि त्याचा प्रोग्राम लिहायला मशीनवाल्यांनी पाटसच्या या पोराला पाठवलं होतं. मी ओशाळले, पण तसं दाखवलं नाही.

तो बरेच दिवस राहिला. पुडी कुठं फाटते, मिरचीपूड कुठं अडते, हे मी सांगायचे आणि तो प्रोग्राममध्ये बसवायचा. रोज सकाळी मशीन चालू करण्याआधी दिव्यांचं बटण दाबायचं असतं. सगळे दिवे लागले की कळतं, एकही गेलेला नाही. मी ते दोनदा दाबायचे. एकदा दाबून भागत नाही का, असं त्यानं विचारलं. मी सांगितलं, वडगाव रासाईला नदीकाठी आमची मोटर आहे, तिचं हिरवं बटण बाबा दोनदा दाबतात, कारण पहिल्यांदा ती धरतच नाही. ते बघतच मी मोठी झाले. मग माझा कुठल्याच बटणावर एका दाबण्यात विश्वास बसत नाही. तो ऐकत राहिला... बघत राहिला. माझ्या बोटाकडे की माझ्याकडे, कोण जाणे.

तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बटण दाबलं, परत दाबलं, आणि स्क्रीनवर एक ओळ आली — 'आलात? बरं वाटलं.'

माझ्या हातातला डबा पडता पडता राहिला. फोन नाही, निरोप नाही, फक्त ही ओळ. रोज सकाळी. सगळा हिवाळा मी कंपनीच्या बसमध्ये स्वतःशीच हसत कामावर आले.

आता तशीच आणखी चार मशीन आली. चालवायला चार नव्या मुली. त्यांना शिकवायचं काम माझ्याकडे. आणि रविराज परत आला. मशीन सारखीच, वायरिंग सारखंच, त्यामुळे त्याचं काम सोपं होतं. माझ्या मशीनचा प्रोग्राम लॅपटॉपवर घ्यायचा आणि चारही मशीनमध्ये कॉपी करायचा. येताजाता तो माझ्याकडे बघायचा, मी मान वळवायचे. ओळीबद्दल तो काही बोलेना, मीही विचारेना. विचारून काय म्हणणार, की तुमचं मशीन माझ्याशी बोलतं?

त्याच्या कामाचा शेवटचा दिवस उजाडला. नवी मशीन त्या सकाळी पहिल्यांदाच सुरू झाली. सारिका, नव्या मुलींतली सगळ्यात लाजरी, लाल होऊन माझ्याकडे आली. "ताई, ते रविराजसर... माझ्या मशीनवर लिहून ठेवलंय, आलात बरं वाटलं." मागून दुसरी म्हणाली, माझ्यावरही आहे. मग तिसरी. चौथ्या मशीनवर आमचे सुपरवायझर भिमाजीआप्पा मी शिकवलेल्या रीतीनं स्वतः बटण दाबून बघत होते. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, मशीन मोठं संस्कारी हाय.

म्हणजे ती ओळ सगळ्यांसाठीच होती? प्रत्येक कारखान्यात हा असंच लिहून येतो? की माझ्यासाठीच होती आणि मग... स्वस्त झाली? मला राग आला होता, रडू आलं होतं की दोन्ही, माझं मलाच कळेना. त्यात रविवारी न्हावऱ्याचे पाहुणे मला बघायला येणार होते. बाबा दोन वेळा विचारून गेले, हो कळवू का? आज संध्याकाळी सांगते, असं मी म्हणाले होते. आणि आज संध्याकाळी हा माणूस बॅग उचलून निघणार.

मी सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले. "ती ओळ कुणासाठी हाय?"

तो गोंधळला. "कुठली... ती? तुमच्या मशीनवर येती ना?"

"पाचही मशीनवर येतीय. आप्पांनासुद्धा बरं वाटलं म्हणतीय."

त्याचा चेहरा खरंच बघण्यासारखा झाला. दुसरीकडे येणंच शक्य नाही, म्हणाला. सारिकाच्या मशीनपाशी गेला आणि तिला परत पहिल्यापासून सुरुवात करायला सांगितली. सारिकानं बटण दाबलं. सोडलं. परत दाबलं.

"दोनदा का दाबलं?"

"ताईंनी असंच शिकवलंय. सगळ्यांना."

रविराज माझ्याकडे वळला. मग खोक्यावर बसला आणि कपाळाला हात लावून हसायला लागला. "प्रोग्राम जसाच्या तसा उचलला. दोनदा दाबलं तरच येणारी ती ओळ काढायचं जिवावर आलं. म्हटलं आसू दे, दोनदा दाबणारं माणूस उभ्या जगात एकच हाय."

आणि नको ते तोंडातून निघालं. "रविवारी न्हावऱ्याचे पाहुणे येणारेत. मला बघायला. संध्याकाळी बाबांना सांगायचंय."

त्याचं हसू गेलं. तो उठला, लॅपटॉप घेतला आणि एकेका मशीनवरून ती ओळ पुसत निघाला. चारही झाली. मग माझ्या मशीनला वायर जोडून मान खाली घालून बसला. पुसतोय... मला वाटलं. आपणच बोलून घालवलं. मी पुड्या मोजायचं नाटक करत उभी राहिले, डोळे भरलेले.

"एकदा चेक करून घ्या," तो वर न बघता म्हणाला.

मी बटण दाबलं. दिवे लागले. परत दाबलं.

'शनिवारी आई-आबांना घेऊन वडगावला येऊ का?' आणि खाली दोन चौकोन — हो, नाही.

तो लॅपटॉपकडेच बघत होता, पण बोटं थांबली होती. मी 'हो' दाबलं. आणि सवयीनं परत एकदा. मग एकदम घाबरले. "दुसऱ्यांदा दाबल्यानं रद्द तर न्हाई ना झालं?"

"न्हाई," तो म्हणाला, आणि आता कुठं त्यानं वर बघितलं. "पहिल्यांदा ते धरतच न्हाई. तसंच लिहिलंय."