हँडलवरची पाटी

नोकरीत होतो तेव्हा सबस्टेशनचं तोंड पाहायचा कंटाळा यायचा, आणि निवृत्त झाल्यावर मी त्यांचेच फोटो काढत हिंडतो. यावर घरात पुरेशी चेष्टा होऊन गेली आहे. कॅमेरा दिला माझ्या मुलीने, ज्ञानदाने. तिला वाटलं होतं, बाबा तलावावरचे पक्षी टिपतील. मी तिला ट्रान्सफॉर्मर दाखवले. "बाबा, इसमें देखने लायक क्या है?" तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत. तिला काय सांगणार? रायपुरात देवळांचे आणि तलावांचे फोटो काढणारे पैशाला पासरी मिळतील. कुंपणाआडचा तेल गळणारा ट्रान्सफॉर्मर, तारेत अडकून विटलेला पतंग, खांबाच्या बुडाशी माजलेली बेशरमची झुडपं, यांच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. मला तेच बरं वाटतं. तिथे माणसं नसतात.

पहिला फोटो मे महिन्यातला. पुरानी बस्तीच्या मागे एक जुनं, लहानसं सबस्टेशन आहे. दुपारचे अडीच वाजले होते, नवतपाचे नऊ जळते दिवस लागलेले, कुत्रीसुद्धा नालीत शिरून बसलेली. गेटमधून एक फोटो काढला आणि घरी येऊन पाहिला. ज्या दांड्याने लाइन तोडतात आणि जोडतात त्या हँडलवर एक लाल पाटी टांगलेली होती. 'आदमी काम कर रहे हैं.'

तशी ही रोजचीच गोष्ट. माणूस खांबावर चढण्याआधी ही पाटी हँडलवर टांगतो, आणि नियम असा की ज्याने टांगली त्यानेच खाली उतरून काढायची. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. फक्त, मी तिथे उभा होतो तेव्हा मला ती दिसली नव्हती. वय झालं, म्हटलं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम गेलो. हँडल मोकळं. ड्युटीवर निरंजन नावाचा ऑपरेटर होता, त्याला विचारलं.

"काल तं कोणतंच काम नव्हतं, भैया," तो म्हणाला. "पाटी आतच आहे ना, खिळ्याले टांगून. पाहा."

आतली पाटी नवी, प्लॅस्टिकची होती. फोटोतली पत्र्याची होती, खालचा कोपरा मोडलेली, सुतळीऐवजी हिरव्या वायरने बांधलेली. ती पाटी मी ओळखत होतो. गौतमची होती.

गौतम लाइनमन होता. नऊ वर्षांपूर्वी उरल्याच्या सबस्टेशनात, भर दुपारी, खांबावर विजेच्या धक्क्याने गेला. त्या पाळीला ऑपरेटर मी होतो. काम झाल्याचा फोन गौतमने केला, लाइन सुरू झाली आणि मग तो कुणाला न सांगता पुन्हा वर चढला, असं चौकशीत ठरलं. चूक त्याची ठरली, म्हणून त्याच्या जागी त्याच्या बायकोला, राधिकाला, नोकरी मिळाली नाही. फोनची साक्ष माझी होती.

पुढच्या आठवड्यात गोल बाजारात गेलो. भांड्यांच्या दुकानांमागे दोन खांबांवर एक ट्रान्सफॉर्मर आहे, बाजूला केळ्यांच्या सालींचा ढीग. तिथे हँडल जमिनीपासून हातभर वर आहे. मी जवळ जाऊन त्यावर हात फिरवला, मोकळं आहे अशी खात्री केली, चार पावलं मागे आलो आणि फोटो काढला. फोटोत पाटी होती.

मग उरल्याला जावंच लागलं. नऊ वर्षं मी तो रस्ता टाळला होता. ट्रकची रांग तशीच होती आणि कारखान्यांच्या धुराने झाडांची पानं तशीच काळी. खांबासमोर उभा राहिलो. ट्रान्सफॉर्मर घुमत होता. तो आवाज तीस वर्षं माझ्या कानात आहे, झोपेतही मी तो ओळखीन. मी कॅमेऱ्याचं बटण दाबलं आणि तेवढ्यापुरता तो आवाज थांबला. शटडाउन घेऊन लाइन बंद केल्यावर थांबतो तसा. ऑपरेटरच्या खोलीतला पंखा मात्र फिरत होता.

सहा फोटो काढले. सहा वेळा आवाज थांबला. सहाही फोटोंत पाटी होती, आणि वारा नसताना तिरकी झाली होती.

तिथून तडक टिकरापाऱ्यात राधिकाकडे गेलो. ती ओसरीवर सुपात तुरीची डाळ निवडत होती. मी उभ्यानेच बोललो, बसलो असतो तर बोललो नसतो.

"गौतमचा फोन आलाच नव्हता. लॉगबुक स्वच्छ राहावं म्हणून मी वेळ आधीच लिहून ठेवायचो. अडीचला परमिट परत, म्हणजे काम संपलं, असं सकाळीच लिहिलं होतं. तो कधी उशीर करायचा नाही. अडीच वाजले, मी पाटी काढली आणि लाइन दिली."

तिचा हात थांबला नाही. "मले माहीत आहे."

"कसं?"

"त्यांचा फोन त्या दिवशी घरीच राहिला होता, भाऊ. चार्जिंगले लावून. मी सांगितलं चौकशीच्या साहेबाले. कोणी लिहून नाही घेतलं."

नऊ दिवाळ्या मी तिच्याकडे मिठाईचा डबा घेऊन आलो होतो. नऊ वेळा तिने मला चहा दिला होता. मला स्वतःची किळस आली.

"मग मला बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलसान म्हणून वाट पाहून राहिली होती." तिने सूप बाजूला ठेवलं. "आता काहून आले?"

मी लेखी देतो म्हणालो. वरपर्यंत जातो म्हणालो. तिने पुन्हा विचारलं, "आता काहून?"

खरं सांगायचं तर पश्चात्तापाने नव्हतो आलो, भीतीने आलो होतो. मी कॅमेरा तिच्या हातात दिला आणि पाटी बघा म्हणालो.

तिने पुरानी बस्तीचा फोटो पाहिला. मग गोल बाजारचा. मग उरल्याचे सहा, एकेक करून, मोठे करून. पुन्हा पहिल्यापासून पाहिले.

"पाटी कुठं आहे यात?" ती म्हणाली. "खांबावर माणूस आहे."

मला माणूस दिसत नव्हता.

"गौतम?" मी विचारलं.

"नाही. पाठमोरे आहात, पण तुम्हीच आहात, भाऊ. हाच चौकडीचा शर्ट. हेच टक्कल." तिने बोट ठेवलं. "इथं पहिल्यात एक पाय अजून जमिनीवर आहे. बाजारातल्यात अर्ध्यावर चढले. उरल्याच्या शेवटच्यात हात वर केला आहे."

"हातापासून तार किती लांब आहे?"

तिने स्क्रीन डोळ्यांजवळ नेली.

"वीतभर."

तिने कॅमेरा मांडीवर ठेवला. मग पदराच्या टोकाने लेन्सची काच पुसली, अगदी हळू, एक डाग होता तोही काढला. कॅमेरा माझ्या हातात दिला.

"काढत राहा, भाऊ," ती म्हणाली. "थांबू नका."